दामाजीची भाषा आणि माझा हेवा

आजच्या अध्यक्षा माननीय कलावतीबाई, व्यासपीठावर बसलेले दामाजीचे आईवडील गुणाजीकाका आणि शेवंतीकाकू, कंपनीतले सहकारी आणि शनिवारची दुपार मोडून आलेले स्नेही,

दामाजी पुढच्या आठवड्यात हॉलंडच्या विद्यापीठात चालला आहे. त्याने रचलेली प्रोग्रॅमिंगची भाषा त्यांना हवी आहे. मला गौरवाचे चार शब्द बोलायला सांगितलंय. पण काकू, मला त्याचा हेवा वाटतो, आणि तो लपवून केलेला गौरव खोटा होईल.

अडचण काय होती, ते सोपं करून सांगतो. ब्याण्णव साली डोंबिवलीच्या एका कारखान्यात आमचा एक प्रोग्रॅम टाकी भरायचा, दुसरा त्याच वेळी उपसायचा. टाकी भरली की पहिल्याने थांबायचं. हे थांबणं आम्ही कामातच मिसळून लिहायचो. त्यामुळे तिसरा नळ जोडला, की जुनं सगळं उघडून पुन्हा लिहा. आम्ही दोघं यावर डोकं फोडत होतो. वाचन माझं जास्त होतं. हसू नका, दामाजीही हे मान्य करतो.

मग एका रविवारी कोपरीला या गुणाजीकाकांकडे जेवायला गेलेलो. त्यांच्या पुतण्याने, राघोने, नवी होडी घेतली होती, आणि आता खाडीत कुणी कधी जाळं लावायचं यावर वाद पेटला होता. गुणाजीकाका वैतागून म्हणाले, "नवी होरी आली म्हनून काय जुनी जाली उसवाची? नंबर बदला."

मी बोंबील खात राहिलो. दामाजी अर्ध्या ताटावरून उठला.

जाळी तीच, बदलायचे ते फक्त पाळीचे नंबर. तसंच काम वेगळं लिहायचं, थांबण्याचे नियम वेगळे. नियम बदलले तरी कामाला हात लावायचा नाही. त्याच्या भाषेचं मर्म एवढंच. मग ते मला का सुचू नये? त्याच पंगतीत मीही होतो ना?

परवा तो म्हणाला, "भगवान, मी गेल्यावर भाषा तू सांभाळ. हवी ती भर घाल, मला विचारत बसू नकोस." मी उत्तर टाळलं. मला ती सांभाळायची नव्हती, माझी असायला हवी होती. काल मुद्दाम तिच्यात एक अवघड नियम घातला: तातडीचं काम रांग मोडून पुढे जाईल. त्याने लिहिलेली एखादी तरी ओळ उघडावी लागेल, अशी आशा होती. लागली नाही. वाईट वाटलं. तरी तो नियम चालताना बघत बसलो, उठवेना.

दामाजी, उत्तर आज देतो. सांभाळतो. हेवा संपायची वाट बघितली असती, तर तोवर तू परतही आला असतास.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. दिवस दामाजीचा आहे, तो माझ्यामुळे बिघडू नये.