शेवटून पहिला

हात गळ्यात बांधून दवाखान्याच्या बाकावर ताटकळलेल्या शिक्षिकेला शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यातले एक इथलेच निवृत्त मुख्य डॉक्टर. आवाज मुळातच खणखणीत, त्यात स्वारी आज खुशीत.

“सरकारी अहवाल वाचलास? पेशंटला वेळेवर तपासण्यात आपला दवाखाना शेवटून पहिला!”

“अरे, हळू बोल! परवापर्यंत तूच चालवत होतास ना?”

“मीच. आणि अहवाल लिहिणारी माझी लेक.”

“पोटच्या पोरीनं बापाचं नाक कापलं?”

“कापलं ना! आकडे पुन्हा पुन्हा तपासून कापलं.”

“मग तिच्या कानावर घालायचंस, जरा सांभाळून घे म्हणून.”

“घातलं की! म्हणाली, बाबा, मग बाकावर बसलेल्यांना मी काय सांगू?”

“आणि तू?”

“आठवडाभर तोंड फुगवून बसलो. आता भेटेल त्याला सांगत सुटलोय. ती नाव नोंदवायची नवी खिडकी बघ, अहवालानंतरच उघडली.”

शिक्षिकेचा नंबर पुकारला गेला, तरी ती उठेना.

“पोरगी अगदी तुझ्यावर गेलीय हो.”

“छे! माझ्यावर गेली असती, तर आपला दवाखाना पहिला आला असता.”