रांधणारीचं पहिलं पान

सन्माननीय अध्यक्ष बापूसाहेब, व्यासपीठावर विराजमान गुळाचे व्यापारी मोहनराव, बारामतीकर पाहुणेमंडळी आणि सातचुली आळीतल्या माझ्या आयाबहिणींनो, बंधूंनो!

आज सत्कार गोजरबाईंचा, आणि खुर्ची त्यांचीच रिकामी. रागावू नका. मांडवामागं त्या तुमच्यासाठी भाकरी थापताहेत. ऐंशीव्या वर्षी! आम्ही हात जोडले, पण ऐकतील तर त्या गोजरबाई कसल्या?

ही आळी मूळची कुणाची? सरदारांच्या घरी विकत घेतलेल्या कुणबिणींची, दासींची. हे सांगायला मला लाज नाही, अभिमान आहे. कायद्यानं मोकळ्या झाल्यावर सात जणी या खडकाळ माळावर आल्या आणि त्यांनी सात चुली मांडल्या. तेव्हा इकडं कुत्रंही फिरकत नव्हतं. पुढं कालव्यानं ऊस आणला, शेजारी आगगाडीचं स्टेशन झालं, आणि याच माळाला सोन्याचा भाव आला!

गेल्या वर्षी मोहनरावांना सगळी आळी घेऊन इथं गुळाची वखार बांधायची होती. घरोघरच्या सह्या झाल्या. पहिली सही कुणाची? माझी, या रामहरी मास्तरची! उरल्या एकट्या गोजरबाई. त्यांनी मोहनरावांना जेवायलाच बोलावलं, सोबत मीही होतो. पाहुणे पाटावर बसले, आणि बाईंनी आधी स्वतःचं पान वाढून घेतलं. मोहनराव बघतच राहिले.

बाई म्हणाल्या, "रागावू नगा, मोहनराव. माझ्या आयनं ईस वर्सं मालकाच्या घरी रांधलं, पन ऊन भाकरी कंदी खाल्ली न्हाय. हितं चूल मांडली अन् पयली भाकरी तिनंच खाल्ली. तवापासनं आमच्यात रांधणारी आदी जेवती. तुमच्या वखारीत ही चूल कुठं मांडू?"

मोहनराव, तुम्ही त्या दिवशी बाईंचं जेवण होईपर्यंत थांबलात, मग जेवलात, आणि जाताना सह्यांचा कागद त्याच चुलीत घातलात. हा मोठेपणा आळी विसरणार नाही. मी मात्र कोपऱ्यात खाली मान घालून बसलो होतो. आज ती मान वर आहे, ती गोजरबाईंमुळं.

आपण सगळे आलात, मन भरून आलं. मास्तराच्या बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. मघापासून मोहनराव मला खुणेनं विचारताहेत, बाई जेवल्या का? नाही, मोहनराव, आत्ताशी पानावर बसल्यात. पंगतीला जरा उशीर होईल, तेवढी क्षमा असावी.