शशिकलाबाईंचे एकशे चाळीस कप्पे

या, बसा मंडळी. मागचे पुढं सरका. पुढची सतरंजी रिकामी, आणि खांबाला टेकायला मात्र चढाओढ! देवाजवळ बसायचं म्हटलं की आपली पाठ लगेच दुखते. असू दे. नमन झालं, टाळ थांबले, आता आख्यानाआधी एक प्रश्न विचारतो.

एखादी वस्तू आपण जपतो म्हणजे काय करतो? ती वापरतो, की कुणाला वापरू देत नाही? — सांगा की. नुसती मान डोलावू नका, मान तर तुम्ही झोपेतही डोलावता.

तर ऐका. गावाचं नाव सांगत नाही. त्या बाईंचे पाहुणे इथं बसलेले असले, तर मला नारळाऐवजी भलतंच काहीतरी मिळायचं. बाईंचं नाव आपण शशिकलाबाई ठेवू. यजमान मुकुंदराव, पाटबंधारे खात्यात होते, स्वभावानं गरीब. एकच मुलगी, ऋजुता. आणि बाईंना नाद मण्यांचा. मणी ओवायचा नव्हे हं — मणी ठेवायचा!

काचेचे मणी, लाकडाचे मणी, मोती, टिकल्या, जर, सुया, आकडे. आधी ते होमिओपॅथीच्या बाटल्यांत होते. मग बर्फाच्या ट्रेमध्ये आले. मग बाई शहरात गेल्या आणि कप्प्याकप्प्यांचे पारदर्शक डबे घेऊन आल्या. दहा डबे, प्रत्येकात चौदा कप्पे. किती झाले? पेटीवाले, तुम्ही सांगा, तुमचा हिशोब पक्का. — एकशे चाळीस. एका कपाटात ते मावेनात, म्हणून मुकुंदरावांचे कपडे पलंगाखाली गेले. हा माणूस वीस वर्षं वाकून बनियन काढत होता, पण तक्रार नाही.

प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. ‘मोती, पांढरे, तीन मिलिमीटर, चमकदार.’ शेजारच्यावर, ‘मोती, पांढरे, तीन मिलिमीटर, चमक जरा कमी.’ अहो, माणसाची पोरं इतकी बारकाईनं कुणी पाहत नाही! हळदीकुंकवाला बायका आल्या की आधी कपाटाचं दर्शन, मग तिळगूळ. बायका म्हणायच्या, “शशिकलाताई, काय हो तुमची टापटीप!” आणि घरी जाताना म्हणायच्या, “हिला दुसरं काम नाही.” दोन्ही वाक्यं त्याच तोंडातून, मधे फक्त जिना.

बरं, इतक्या मण्यांचं बाईंनी केलं काय? काही नाही. गौरीच्या गळ्यातली माळसुद्धा बाजारातून यायची. कारण कप्प्यातले शंभर मणी काढले तर तो कप्पा अर्धवट दिसेल ना!

ऋजुता नऊ वर्षांची होती. बाहुलीचं लग्न काढलं होतं तिनं. आईजवळ आली आणि म्हणाली, “आई, मला माळ करायला शिकव ना.”

“हात लावू नकोस. सगळे मिसळतील. आधी माझं नीट लावून होऊ दे, मग आपण दोघी निवांत बसू.”

निवांत! मंडळी, हा निवांत कुठल्या वारी येतो हो? मी पंचांगात शोधला, मला नाही सापडला.

पोरगी दहाव्या वर्षी आली, अकराव्या वर्षी आली. उत्तर तेच. तेराव्या वर्षापासून विचारायची थांबली. आपली मुलं विचारायची थांबली की आपण काय म्हणतो? “शहाणी झाली हो.” शहाणी कसली, तिनं नाद सोडला.

दिवस गेले. ऋजुता शिकली, नोकरीला लागली, पंचविसाव्या वर्षी लग्न ठरलं. साखरपुड्याला विहीणबाई सहज म्हणाल्या, “मुंडावळ्या आमच्या ओळखीच्या दुकानातून मागवू का?” झालं! साठ माणसांसमोर शशिकलाबाई ताठ बसल्या. “विकतच्या मुंडावळ्या माझ्या मुलीच्या कपाळाला लागणार नाहीत. दोघांच्याही मी माझ्या हातानं ओवीन.”

सगळ्यांनी कौतुक केलं. ऋजुता मात्र आईकडे पाहत राहिली. घरी आल्यावर हळूच म्हणाली, “आई, मीही बसू तुझ्याबरोबर?”

“बसशील गं. निवांत बसू.”

लग्नाला दोन महिने होते. बाईंनी पहिल्या दिवशी काय केलं असेल? सुई घेतली? छे! त्यांनी ठरवलं की ओवण्याआधी कपाट एकदा नव्यानं लावून घ्यावं. सगळे डबे काढले, नव्या चिठ्ठ्या केल्या. अक्षर मनासारखं येईना म्हणून त्या पुन्हा केल्या. दर रविवारी ऋजुता येऊन विचारायची. “आई, आज सुरू करूया?” “आज नको, निळ्यांत जांभळे गेलेत.” केळवणं झाली, मेंदी ठरली, हॉलवाल्याचे चार फोन झाले. इकडे निळ्यांतून जांभळे निघतायत!

मुहूर्ताला पाच दिवस राहिले, तेव्हा बाईंनी मोत्यांचा डबा काढला. तो डबा खास होता, कापडात गुंडाळलेला, आवराआवरीतही न सोडलेला. ऋजुता लहान होती तेव्हाच त्यातल्या चौदाही कप्प्यांत घरातले सगळे मोती भरले होते, वर चिठ्ठी — ‘ऋजूच्या लग्नासाठी.’ सोळा वर्षं झाकण उघडलं नव्हतं. आणि कपाटात झुरळं होतात म्हणून प्रत्येक कप्प्यात एक एक डांबरगोळी. झुरळानं मोती खाल्लेला कुणी पाहिलाय? हात वर करा. — कुणी नाही. पण बाईंनी बंदोबस्त केला होता.

झाकण उघडलं तर काय! मोती प्लास्टिकचे, डबा घट्ट बंद, आत डांबरगोळ्यांची वाफ. मोत्यांची कातडी सुटली होती आणि सगळे वितळून एकमेकांना चिकटले होते. प्रत्येक कप्प्यात मोत्यांची एक एक वडी. चमक असलेले आणि चमक कमी असलेले, दोघेही एकाच भावात गेले. राहिले ते काचेचे नि लाकडाचे, लाल, हिरवे, पिवळे. पांढरा एक नाही.

मुकुंदरावांनी डोकावून पाहिलं आणि विचारलं, “बाजारातून आणू का?” बाईंनी फक्त वर पाहिलं. तीस वर्षं संसार केलेला माणूस तो, चप्पल घालून फिरायला गेला.

संध्याकाळी ऋजुता कामावरून आली. आई जमिनीवर, मांडीवर तो डबा. “ऋजू, मी तुझ्यासाठी ठेवले होते गं,” एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या.

ऋजुता शेजारी बसली. मोत्यांसाठी नाही रडली ती. म्हणाली, “आई, मला मोती कधीच नको होते. मला तुझ्याजवळ बसायचं होतं. तू मला जवळ बसू दिलं नाहीस.”

हे ऐकलं आणि त्या बाईनं पहिल्यांदा काहीतरी केलं. पलंगावरची चादर ओढली, जमिनीवर अंथरली, आणि काचेच्या मण्यांचे डबे एकामागून एक उलटे केले. चादरीवर सगळी मिसळ. मग लेकीच्या हातात सुई दिली आणि मान खाली घालून म्हणाल्या, “मला ओवता येत नाही, ऋजू. शेवटची गाठ कशी मारतात ते मला माहीतच नाही.”

घ्या! एकशे चाळीस कप्प्यांची मालकीण, आणि गाठ येईना. हसू नका मंडळी. आपल्याही घरी पोथ्या आहेत, रेशमी कापडात बांधलेल्या. आतलं पहिलं पान कुणाला येतंय?

मोबाइलवर बघून बघून दोघी शिकल्या. पहिली सर तुटली, दुसरी उलगडली. मणी कपाटाखाली गेले, मुकुंदरावांनी ते आडवं झोपून काढले. वाकायची सवय होतीच त्यांना. चार दिवसांत दोन मुंडावळ्या झाल्या. एक बाजू लांब, एक आखूड, आणि रंग म्हणाल तर जत्रा. लग्नात विहीणबाईंनी भुवया चढवल्या. “या कुठल्या पद्धतीच्या?”

शशिकलाबाई म्हणाल्या, “घरच्या आहेत. आम्ही दोघींनी बसून केल्यात.”

अंतरपाट दूर झाला, तेव्हा बिचाऱ्या नवऱ्या मुलाला बायकोच्या आधी एक हिरवा मणी दिसला. पण डोळ्यांवर आलेली ती सर ऋजुतानं बाजूला सारली नाही की काढू दिली नाही. पाठवणीच्या वेळीसुद्धा ती कपाळाला तशीच होती.

पोरगी बंगळूरला गेली. शशिकलाबाई घरी आल्या. चादरीवर मण्यांचा ढीग तसाच पडलेला. पुन्हा वेगळे करायला बसल्या का? नाही बसल्या असं सांगितलं, तर तुम्हाला बरं वाटेल. पण बसल्या होत्या. दोन कप्पे भरले आणि उठल्या. ‘हात लावू नकोस’ असं जिला म्हणायचं, ती आता घरात नव्हती. सोळा वर्षं हाताशी होती, त्यातले चार दिवस त्या लेकीजवळ बसल्या.

आता तुमच्याकडे येतो. चुळबुळ करू नका. कुणाची जपमाळ मखमली पिशवीत आहे, निवृत्त झाल्यावर ओढायची म्हणून. कुणाचा चहाचा सेट काचेमागं आहे, चांगले पाहुणे यायचेत म्हणून. हे एक वेळ चालेल. देव वाट बघतो, त्याला घाई नाही. कप तर अजिबात बोलत नाही. पण तुमच्या घरी कधीतरी कुणीतरी म्हणालं होतं, “मला शिकव ना,” आणि तुम्ही त्याला थांब म्हणालात. आठवतंय का? आज घरी जाल तेव्हा कपाट आवरायला घेऊ नका. ते थांबलेलं पोर आता केवढं झालंय, घरात आहे की गेलं, ते आधी बघा.

उठा आता, नामाचा गजर करू. आणि जमलंच तर आज टाळी जरा वाजवा, हातही जपून ठेवलेत तुम्ही.