कोकणात झोपा ना!

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा सातवीत सुटली, शब्दही साधेच आहेत.

भावाच्या चार वर्षांच्या परीसाठी महाराष्ट्राच्या नकाशाचं पझल घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "छोटे तुकडे पोरं तोंडात घालतात. हे मोठं ने, जमिनीवर मांडायचं. घरात जागा आहे ना?"

मी लाजून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामतघरच्या आमच्या एका खोलीत परीने विदर्भापासून एकेक जिल्हा लावत आणला. फक्त कोकण राहिलं, तेवढ्यात भाऊ कापडाच्या लूमवरून रात्रपाळी करून आला.

"उचल गं, झोपायचंय मला."

"बाबा, थोडंच राहिलंय. तुम्ही कोकणात झोपा ना!"

भाऊ खरंच त्या रिकाम्या पट्टीत आडवा झाला. गुडघे दुमडले तर पुणं मोडलं. शेवटी सगळं खोक्यात भरलं.

दिवसा तिथे भाऊ झोपतो, संध्याकाळी स्वयंपाक होतो, रात्री आम्ही झोपतो.

"काका, मग नकाशा पुरा कधी करायचा?"



त्याच दिवशी दुपारी खोका घेऊन दुकानात गेलो. "छोटं द्याल का बदलून?"

"अरे, काल विचारलं होतं ना, जागा आहे का?"

मी पुन्हा मान डोलावली आणि खोका घेऊन परत आलो.