नातीची झोप आणि डुकरं

सीताबर्डीच्या बंदुकीच्या दुकानात मालक श्रीधररावांच्या पुढं नरखेडचे धोंडबा आणि त्यांची बायको बायजाबाई उभे होते.

"संत्र्याच्या बागेत रानडुकरं घुसून राहिले. पन बार झाला का घरी आलेली आमची तान्ही नात दचकते."

"काकाजी, साधी गोळी आवाजापेक्षा जोरात पळते, म्हणून हवेत कडाडते. ह्या मंद गोळीत दारू कमी. ती आवाजाच्या मागंच राहते. कडाडत नाही, नुसता टप् आवाज."

"हेच द्या!"

"पण डुक्कर मरणार नाही."

"मंग?"

"चिडेल."

"अन् तुमच्या मांगं लागन," बायजाबाई म्हणाल्या. "मंग तुमीच बोंबलान, पोरगी उठन."

"संत्री किती उरली वं?"

"अर्धी."

"राहू द्या, साहेब. नात तिच्या घरी गेली का साधीच नेतो. तोवर जेवू द्या डुकरायले."