ट्यूबाची रिकामी खुर्ची

नाही, नाही, पेटी उचलू नका — बसला अजून सहा मिनिटं आहेत, मी पाटीवर पाहिलंय. कुरामोची-सान ना तुम्ही? ऑर्केस्ट्रातले ट्यूबावाले? ओळखणारच की, एवढं फुंकायचं पितळी धूड घेऊन दुसरं कोण थांबणार इथे! मी आइहारा. शाळेत संगीत शिकवते. बत्तीस मुलं घेऊन तुमची तालीम बघायला आले — आणि बघते तर तुमची खुर्ची रिकामी! मॅनेजर म्हणाले, ट्यूबाचा भाग आधी उरकला, त्यांना सोडलं. बरोबरच आहे म्हणा, एवढ्या मोठ्या रचनेत तुमचे स्वर चौदा, त्यासाठी माणसाला दिवसभर कशाला बसवून ठेवायचं — चौदाच आहेत, मी मोजलेत. पण त्या चौदांसाठीच तर आलोय आम्ही. म्हणजे मी. म्हणजे — एका मुलीसाठी.

चिगुसा नाव तिचं. तेरा वर्षांची, एवढीशी, ट्यूबामागे बसली की नुसते केस दिसतात. तिला खरं तर बासरी हवी होती, पण ट्यूबाला कुणीच नव्हतं, मग मीच तो तिच्या गळ्यात मारला. आता चाळीस दिवस झाले, शाळेत येत नाही, खोलीतून बाहेर येत नाही. आई दाराशी ताट ठेवते. मी तीनदा घरी गेले, बंद दाराशी उभी राहून सांगितलं, अगं, खरा वादक बघ एकदा, तासभर गप्प बसतो आणि तरी त्याच्यावाचून अडतं. आज आली हो! गणवेश घालून आली! आणि आता त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलीय.

का येत नाही म्हणता? या वयात मुलींचं काहीतरी असतंच — नाही, तसं नाही. कुणी छळलं नाही तिला. म्हणजे, मुलांनी नाही. स्पर्धा होती. तिचा खालचा सूर घसरायचा, रोज घसरायचा, मी काय करणार होते? नऊ वर्षांत आमच्या शाळेला सुवर्ण मिळालं नव्हतं. तर मी तिला पडद्यामागे नेलं, म्हटलं, तोंडाला लाव, बोटं हलव, फुंकू नकोस. सगळे करतात हो असं! तुम्हाला ठाऊक असेल. आणि मिळालं सुवर्ण. फोटोत तीसुद्धा हसतेय. तो फोटो मीच वर्गात लावलाय. घरी जाऊन आईला म्हणाली — आईनंच सांगितलं मला — म्हणाली, आज फार छान वाजलं, माझ्याशिवाय.

परत चला ना. तुमच्या पाया पडते. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं, तेवढे चौदा स्वर तिच्यासमोर वाजवा, आणि तिला सांगा की तू लागतेस. तुम्ही सांगितलंत तर पटेल तिला.

काय? मी? मी काय सांगितलं दाराशी? सांगितलं की आत्ताच, तुमच्याबद्दल सांगितलं, तिन्ही वेळा तुमच्याबद्दलच — नाही. तू लागतेस, ते मी नाही म्हटलं. अहो, शिक्षिकेनं विद्यार्थिनीची माफी — नाही, तसंही नाही. तोंडाशी यायचं. दर वेळी यायचं. आवाजच निघायचा नाही.

ती बघा बस आली तुमची. चढा. नको, आता पेटी उघडू नका, राहू द्या — ती वर सभागृहाच्या बाल्कनीत एकटीच बसलीय, मीच जाते तिच्याकडे. जा ना तुम्ही. जा!