निरोप कुणाच्या फोनवर?

लाँचच्या रांगेत शेफाच्या पुढेच शेजारची मोर्जिना चाची आणि कॉलेजातून इंटर्नशिपला आलेली रुबाईया यांची जुंपली होती. शेफाने कान टवकारले.

“चाची, इशाऱ्याच्या यादीत तीनशे घरांची माहिती भरलीय मी! आता वादळाचा निरोप फोनवरून घरोघरी पोचणार.”

“गेल्या खेपेलाही पोचला की. माझ्या नवऱ्याला, चितगावात. तो छत्री घेऊन कामावर गेला, आणि इथे माझ्या चुलीत पाणी!”

“या अल्ला! सगळे नंबर पुरुषांचेच घेतलेत आम्ही.”

“आणि पुरुष सगळे शहरात.”

“मग तुमचा द्या.”

“माझ्याकडे कुठला फोन? हाजेराचा लिही, पाठ आहे मला. बांधावर शिवणयंत्र घेऊन बसते ती. ओरडली की चाळीस घरं ऐकतात.”

“चाळीस? खात्री करूनच लिहीन हं. सांगा नंबर, आत्ताच पाठवते, ‘वादळ नाही, फक्त चाचणी आहे.’”

चाचीने नंबर सांगितला, रुबाईयाने निरोप पाठवला आणि अख्खी रांग बांधाकडे वळली. मग लांब बांधावरून हाजेराचा आवाज आला, “अगं बायांनो, वादळ नाहीये! नुसती चाचणी आहे गं!”

खाडीपलीकडून कुणीतरी ओरडलं, “कसली चाचणी?”

“चाची, पलीकडच्या वस्तीची वीस घरं चाळिसात धरली होती का?”

“छे! ती कशाला?”

“मग साठ लिहिते.”